चार कोअर, एक कर्नेल : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

नवा बोर्ड गेल्या आठवड्यात आला आणि आज आमचा कर्नेल, म्हणजे यंत्राचं सगळं काम वाटून देणारा आम्हीच लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, त्यावर उठला. कॉर्टेक्स-ए७२ प्रोसेसर, चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), दीड गिगाहर्ट्झ. उठला, पण एकाच कोअरवर. बाकीचे तीन बूट झाल्यापासून झोपून आहेत. चहाच्या वेळी सरांनी नेमकं तेच विचारलं, "चार कोअरचे पैसे मोजतोय आपण, मग तिघं बसून का?"

प्रश्न रास्त आहे. आमचं यंत्र साखर कारखान्यातल्या टर्बाइनच्या आणि मिलच्या बेअरिंगची कंपनं मोजतं. जुन्या यंत्रात ८ चॅनेल होते, नव्यात ३२ आहेत. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला २५,६०० नमुने (मोजलेले आकडे) येतात. ८,१९२ नमुन्यांचा एक तुकडा ३२० मिलिसेकंदांत भरतो, म्हणजे पुढचा तुकडा भरायच्या आत आधीच्याचं सगळं गणित उरकलं पाहिजे. आज एका कोअरवर ते मोजलं, ३९० मिलिसेकंद लागले. एकट्या कोअरला हे झेपणार नाही, हे उघड आहे. म्हणजे कर्नेलला चारही कोअर कळायला हवेत.

गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. त्याआधी यंत्रं बसायची, तर काय करायचं ते जुलैअखेर ठरायलाच हवं.

१२ जून, गुरुवार

दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत वीज नव्हती. काल संध्याकाळीच कर्नेलच्या निवडक फायली छापून ठेवल्या होत्या. आज खिडकीशी बसून त्या तीन रंगांच्या पेनांनी वाचल्या.

कर्नेल नऊ हजार ओळींचा आहे आणि त्यात इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे हार्डवेअरचे इशारे, बंद करण्याच्या १४३ जागा निघाल्या. एका कोअरवर हीच आमची सगळी सुरक्षा होती. इंटरप्ट बंद केले की जग थांबतं. दुसरा टास्क येऊ शकत नाही, ड्रायव्हर (उपकरण हाताळणारं कोड) मध्ये घुसू शकत नाही, यादीत हवी ती उलथापालथ करा आणि इंटरप्ट पुन्हा चालू करा. चार कोअर झाले की तीच सूचना फक्त माझ्यापुरतं जग थांबवते. बाकीचे तिघं त्याच यादीत त्याच क्षणी हात घालू शकतात.

म्हणून प्रत्येक जागेला विचारलं, तू नेमकं कोणापासून काय राखते आहेस? स्वतःच्याच इंटरप्टपासून राखणाऱ्या जागांना हिरवा रंग, दुसऱ्या टास्कपासून राखणाऱ्यांना निळा. आणि जिथे उत्तर सापडलं नाही तिथे लाल. लाल जागा ३१ भरल्या. यातल्या बहुतेक मीच लिहिल्या आहेत, चार वर्षांपूर्वी. त्या वेळी कारण डोक्यात होतं, कागदावर आलं नाही.

१६ जून, सोमवार

दुसरा कोअर आज बोलला. या बोर्डवर झोपलेले कोअर मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या ठरलेल्या पत्त्यांकडे बघत असतात : कोअर १ साठी २२४, मग २३२, मग २४०. तिथे आपल्या कोडचा पत्ता लिहायचा आणि जागं करणारी सूचना द्यायची. कोअर उठतो, पत्ता वाचतो आणि तिकडे उडी मारतो. साठेक ओळींचं असेम्ब्ली कोड. संध्याकाळी साडेसहाला सीरियल पोर्टवर 'कोअर १ हजर' ही ओळ उमटली आणि धाकटा सहकारी खुर्चीतून उठून उभाच राहिला.

त्याला म्हटलं, यावरून अंदाज बांधू नकोस. कोअर उठवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

१८ जून, बुधवार

दोन दिवस एका लॉकने खाल्ले. लॉक म्हणजे एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारी कडी. स्पिनलॉक पुस्तकातल्यासारखं लिहिलं होतं : एलडीएक्सआर या सूचनेने वाचायचं, एसटीएक्सआरने लिहायचं, जमलं नाही तर पुन्हा. दुसरा कोअर पहिल्याच लॉकवर अडकून बसे. लॉक मोकळं, तरी त्याला मिळेना.

कारण कळलं तेव्हा आधी कसं सुचलं नाही याची हळहळ वाटली. या जोडीचं काम कॅशच्या (कोअरजवळच्या जलद मेमरीच्या) सुसंगतीवर चालतं. एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) आणि कॅश सुरू व्हायच्या आधी मेमरी 'सामान्य, कॅश होणारी' धरली जात नाही, आणि तिथे ही जोडी यशस्वी होईल याची हमी नाही. पहिल्या कोअरचा एमएमयू चालू होता, दुसऱ्याचा मी अजून चालू केला नव्हता. क्रम बदलला आणि लॉक चालायला लागलं.

एक गोष्ट मात्र आर्मने, म्हणजे आमच्या प्रोसेसरच्या रचनेने, सोपी केली आहे. पेज टेबल (पत्त्यांचा तक्ता) बदललं की बाकीच्या कोअरमधली जुनी टीएलबी नोंद (त्या तक्त्यातली जवळ ठेवलेली प्रत) पुसायची सूचना हार्डवेअरच सगळीकडे पोचवतं. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीतल्या प्रोसेसरवर, त्यासाठी प्रत्येक कोअरला इंटरप्ट पाठवून थांबावं लागलं असतं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, म्हणून घरून काम. कोड लिहायच्या ऐवजी इतरांनी हे कसं केलं ते दिवसभर वाचलं.

लिनक्समध्ये बहुप्रोसेसर आधार आला १९९६ साली, २.० आवृत्तीत, आणि तो एका मोठ्या लॉकवर उभा होता. कर्नेलमध्ये एका वेळी एकच कोअर. वाड्यात एकच नळ असावा तसं. भांडी कितीही असोत, पाणी एकाचंच भरणार. ते लॉक पूर्णपणे निघालं मे २०११ मध्ये, २.६.३९ ला. पंधरा वर्षं! त्या लॉकची एक खोड होती. ते हातात असताना टास्क झोपला तर लॉक आपोआप सुटायचं आणि उठला की पुन्हा मिळायचं. त्यामुळे कुठल्या ठिकाणी ते नेमकं काय राखतंय हे सांगणं अवघड होऊन बसलं. वाचताना माझ्या ३१ लाल खुणा डोळ्यांपुढे येत होत्या.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमनेही त्यांचं 'जायंट' लॉक फोडायला घेतलं. जानेवारी २००३ च्या ५.० आवृत्तीत ते काम चालूच होतं, आणि याच कामाच्या पद्धतीवरच्या मतभेदातून त्याच वर्षी ड्रॅगनफ्लाय बीएसडी वेगळी झाली. ओपनबीएसडी २००४ पर्यंत थांबली, ३.६ मध्ये एसएमपी (सगळे कोअर एकाच कर्नेलखाली सारखे चालवणं) आणलं, तेही मोठ्या लॉकनेच.

यावरून 'मोठं लॉक वाईट' असा धडा मला घ्यावासा वाटत नाही. या सगळ्यांना आपल्यावर कोण काय चालवणार हे माहीत नव्हतं : डेटाबेस, वेब सर्व्हर, कुणाचं संशोधन. भार कुठून येणार हे ठाऊक नसेल तर प्रत्येक वाट रुंद करावीच लागते. आमचा भार आम्हाला अगदी नमुन्यापर्यंत माहीत आहे. हा फरक कुठे घेऊन जाईल हे अजून दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२७ जून, शुक्रवार

मोठं लॉक घालून चारही कोअर चालू केले. गणित ३९० वरून ११८ मिलिसेकंदांवर आलं. कर्नेलच्या दारात रांग असूनही इतकं, कारण फिल्टर आणि एफएफटी (तरंगातल्या वारंवारता काढणारं गणित) कर्नेलमध्ये शिरतच नाहीत. एकेरी काम वेगाला किती अडवतं ते सांगणाऱ्या ॲमडालच्या नियमाने उलट हिशेब केला तर साधारण सात टक्के काम एकेरी उरलंय.

सरांना आकडा सांगितला, ते खूश झाले. मी तासाभराने दुसरा आकडा मोजला आणि परत त्यांच्याकडे गेले.

एडीसीचा (कंपनाचा संकेत आकड्यांत बदलणाऱ्या चिपचा) इंटरप्ट येतो तेव्हापासून आमचा ड्रायव्हर नमुना उचलतो तोवर किती वेळ जातो, हा तो आकडा. एका कोअरवर सगळ्यात वाईट वेळ ९ मायक्रोसेकंद होती. आता १४० निघाली. तिसरा कोअर कर्नेलमध्ये शिरून एसडी कार्डावर नोंद लिहीत असतो, लॉक त्याच्याकडे, आणि नमुना उचलायला आलेला पहिला कोअर दाराशी फिरत राहतो. नमुने येतात दर ३९ मायक्रोसेकंदांनी आणि एडीसीत जागा आहे दोघांचीच. १४० मायक्रोसेकंदांत नमुने गळतात.

नमुना गळण्याला आमच्या धंद्यात वेगळा अर्थ आहे. सलग तरंगातून एक तुकडा नाहीसा झाला की तिथे उडी तयार होते आणि एन्व्हलपमध्ये (तरंगाच्या बाह्यरेषेत) ती ठोक्यासारखी दिसते. बेअरिंगच्या कड्याला तडा गेला की तोही ठोकाच देतो. म्हणजे ऐन हंगामात, गव्हाणीत ऊस पडत असताना, धडधाकट बेअरिंगसाठी कुणीतरी मिल थांबवणार. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे. तो ऊस तोडल्यापासून तासातासाला वाळत असतो, उतारा घसरत असतो. हे आमच्या कर्नेलमुळे झालेलं मला चालणार नाही.

८ जुलै, मंगळवार

मोठं लॉक फोडायला घेतलं आहे. तयार टास्कच्या यादीला वेगळं लॉक, टायमरला वेगळं, मेमरी वाटपाला वेगळं, एसडी कार्डाला वेगळं. लॉक वाढली तसा डेडलॉक आला. टायमर हातात धरून टास्कची यादी मागणारा एक कोअर, यादी हातात धरून टायमर मागणारा दुसरा. दोघं कायमचे समोरासमोर.

लिनक्समध्ये २००६ पासून लॉकचा क्रम तपासणारी यंत्रणा आहे. तिच्या धर्तीवर आम्ही एक छोटी गोष्ट केली. प्रत्येक लॉकला क्रमांक दिला आणि हातात असलेल्यापेक्षा मोठ्याच क्रमांकाचं लॉक मागता येईल असा नियम केला. मोडला की यंत्र तिथेच थांबून दोन्ही जागा छापतं. दीड दिवसात उलट्या क्रमाच्या चार जागा सापडल्या. त्यातल्या दोन प्रत्यक्षात कधी अडकल्या नव्हत्या, पण त्या कधीतरी अडकल्याच असत्या.

उशीर आता वाईटात वाईट ३४ मायक्रोसेकंद. गणित ११२ मिलिसेकंद. कागदावर सगळं जमलं आहे.

१८ जुलै, शुक्रवार

सोमवारी सकाळी बोर्ड १९ तास चालून एका तुकड्यात शून्यं दाखवत होता. तो पुन्हा तसा वागेपर्यंत मंगळवारची रात्र गेली. आज सापडलं.

रिंग बफरची, म्हणजे नमुने ठेवायच्या गोलाकार रांगेची गोष्ट. ड्रायव्हर नमुना लिहितो आणि मग 'इथपर्यंत भरलंय' हा आकडा पुढे सरकवतो. वाचणारा तो आकडा बघून नमुना उचलतो. क्रम बरोबर, कंपायलरनेही बरोबर ठेवलेला, मी असेम्ब्ली तपासली. पण आर्ममध्ये एका कोअरने केलेली दोन लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतील अशी हमी नाही. कधीतरी, हजारो कोटींतून एकदा, आकडा आधी पोचला आणि नमुना मागून. वाचणाऱ्याने रिकामी जागा उचलली. एक्स८६ वर लेखनं क्रमाने दिसतात, म्हणून तिथे शिकलेल्या माणसाच्या नजरेला हे टोचत नाही. माझ्याही नाही टोचलं.

दुरुस्ती दोन सूचनांची : लिहिताना साध्या लेखनाऐवजी एसटीएलआर, वाचताना एलडीएआर; या दोन्ही क्रम राखतात.

पण आज मी बराच वेळ नुसती बसून होते, त्याचं कारण दुरुस्ती नव्हे. त्या फाईलला चार वर्षांत कुणी हात लावलेला नाही. ती चूक नव्हती. एका कोअरवर ते कोड अचूक होतं, अगदी सिद्ध करून दाखवता येईल इतकं. त्यातलं एक अक्षर न बदलता ते चुकीचं झालं, कारण ज्या जमिनीवर ते उभं होतं ती आम्ही काढून घेतली. सगळे एसएमपीची किंमत ओळींत मोजतात, मीही मोजत होते : २,६०० ओळी बदलल्या, एवढ्या नव्या आल्या. खरी किंमत या न बदललेल्या जवळजवळ साडेसहा हजार ओळींची आहे. त्यातली प्रत्येक ओळ आता पुन्हा बरोबर ठरवावी लागेल, आणि चाचणी ते करू शकत नाही. चाचणी १९ तास चालते आणि हंगाम पाच महिने.

२० जुलै, रविवार

खालच्या मजल्यावरचे काका सकाळी चहाला आले होते. नव्वदच्या दशकात त्यांनी ट्रान्सप्युटरवर काम केलंय. बोलता बोलता रिंग बफरची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दोघांना एकच मेमरी दिलीस कशाला गं?"

मग परम ८००० वर बोलत राहिले. याच पुण्यात, सी-डॅकमध्ये, १९९१ साली उभा राहिलेला महासंगणक. त्यात इनमॉसचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, प्रत्येकाला बाहेर जायला चार दुवे, आणि शेजाऱ्याला काही हवं असेल तर निरोप पाठवायचा. "दुसऱ्याच्या घरात हात घालायची सोयच नव्हती, त्यामुळे असल्या चुका करायचीही सोय नव्हती. चुका दुसऱ्या व्हायच्या. निरोपाची वाट बघत सगळे थांबलेत, अशा. पण त्या दिसायच्या."

ते गेल्यावर ९ जूनची नोंद उघडली. 'म्हणजे कर्नेलला चारही कोअर कळायला हवेत' असं लिहिलंय. हे 'म्हणजे' चुकीचं आहे. गणिताला चार कोअर हवेत. कर्नेलला हवेत असं कुठल्याही मोजमापाने सांगितलेलं नाही. दोन वेगळे प्रश्न मी एका शब्दाने जोडले आणि सहा आठवडे त्या जोडावर उभी राहिले.

ही दिशा नवी नाही. २००९ च्या बॅरलफिश या संशोधन-प्रणालीत प्रत्येक कोअरला आपापला कर्नेल आणि मध्ये निरोप, अशीच मांडणी होती. आणि एसईएल४ या मायक्रोकर्नेलची (अगदी मोजकंच काम आत ठेवणाऱ्या कर्नेलची) २००९ ची गणिती सिद्धता एका कोअरवरच्या कर्नेलची होती. त्याच लोकांनी २०१५ मध्ये मांडलं की मायक्रोकर्नेलला एक मोठं लॉकही पुरतं, कारण कर्नेलमधला मुक्काम फार थोडा असतो. आमचा मुक्काम थोडा नाही, एसडी कार्ड आत बसलंय. त्यामुळे तो दाखला आम्हाला लागू पडत नाही.

२९ जुलै, मंगळवार

चार दिवसांत नव्या मांडणीची प्राथमिक आवृत्ती तयार झाली. कर्नेल फक्त कोअर ० वर, पूर्वीसारखाच, एकट्याचा. १, २, ३ वर कर्नेल नाहीच. त्यांना इंटरप्ट नाहीत, मेमरी मागता येत नाही, सिस्टम कॉल (कर्नेलकडे काम मागणं) नाही. प्रत्येकाला दोन रांगा. एकीतून तुकडा घ्यायचा, गणित करायचं, दुसरीत उत्तर ठेवायचं, रांग रिकामी असेल तर झोपायचं. रांगेत लिहिणारा एक आणि वाचणारा एक, त्यामुळे लॉकही नाही, फक्त त्या दोन सूचना.

पहिल्या धावेत वेग निम्माच मिळाला. रांगेची सुरुवात आणि शेवट हे दोन आकडे एकाच ६४ बाइटच्या कॅश ओळीत शेजारी बसले होते आणि ती ओळ दोन कोअरमध्ये सतत ओढली जात होती. दोघांना वेगळ्या ओळींत हलवलं आणि प्रश्न मिटला.

गणित १४१ मिलिसेकंद, एसएमपीपेक्षा हळू, कारण कामाला तीनच कोअर. उशीर वाईटात वाईट ११ मायक्रोसेकंद. ९ चे ११ झाले ते चौघांचं एल२ कॅश सामाईक असल्यामुळे असावेत. नवं कोड ३४० ओळी. आणि ज्यावर माझा निर्णय टेकलाय ते हे : दोन कोअर ज्याला हात लावतात अशा सगळ्या गोष्टी दोन पानांत मावतात. पानं छापून भिंतीवर लावली आहेत. एसएमपीच्या शाखेत (कोडच्या त्या आवृत्तीत) अशा गोष्टींची यादी करायला बसले होते, सातव्या पानावर सोडून दिली.

११२ आणि १४१ मधला फरक कारखान्यात कुणाला जाणवणार नाही, दोन्ही ३२० च्या खूप आत आहेत.

७ ऑगस्ट, गुरुवार

निर्णय सांगितला. धाकट्याला लागलं. लॉक फोडायचं निम्मं काम त्याचं होतं, आणि चांगलं होतं.

"ताई, मग हे सगळं टाकून द्यायचं?" मग त्याने जो मुद्दा काढला तो मला पुरता खोडता आलेला नाही. यंदा लिनक्सने शेड्युलरमधली (कोणता टास्क कधी चालेल ते ठरवणाऱ्या भागातली) एकाच प्रोसेसरसाठीची वेगळी वाट काढून टाकली. आता एक कोअर असला तरी एसएमपीचाच शेड्युलर. छोट्या यंत्रांसाठीच्या फ्रीआरटॉस कर्नेलनेही डिसेंबर २०२३ च्या ११ व्या आवृत्तीत एसएमपी मुख्य कोडमध्ये आणलं. त्याचं म्हणणं, दोन वाटा सांभाळणं हीच गुंतागुंत असते, आणि पुढचा प्रत्येक बोर्ड बहुकोअरच येणार. मग आज नाही तर उद्या करायचंच आहे.

लिनक्ससाठी ते खरं आहे. त्यांची जवळजवळ सगळी यंत्रं बहुकोअर आहेत आणि कामाची वाटणी आधी ठाऊक नाही. आमची ठाऊक आहे. पण ती ठाऊक आहे तोवरच माझं उत्तर टिकतं, हेही त्याला कबूल केलं. उद्या सरांनी याच यंत्रावर पडदा आणि वेब सर्व्हर मागितला तर कोअर ० गुदमरेल आणि बाकीचे तिघं त्याला हात देऊ शकणार नाहीत. तसं झालं तर मी आमचा कर्नेल एसएमपी करणार नाही, लिनक्स घेईन. वेळ पाळायला लावणारं प्रीएम्प्ट-आरटी ६.१२ पासून मुख्य लिनक्समध्ये आहे. दहा-बारा जणांच्या कंपनीने पंधरा वर्षांचा तो प्रवास पुन्हा करू नये.

टाकून काही दिलेलं नाही. क्रम तपासणारं कोड मुख्य शाखेत गेलं. रिंग बफरमधल्या दोन सूचना तर नव्या रांगांचा कणाच आहेत. हे त्याला सांगितलं. तो गप्प होता, पण संध्याकाळी त्याने स्वतःहून रांगांच्या चाचण्या लिहायला घेतल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती गेले. ढोलांच्या सरावाने महिनाभर संध्याकाळी खिडक्या लावून बसत होतो, आता ऑफिस फार शांत वाटतं.

भोसरीच्या शेडमध्ये मोटरच्या चाचणी-सांगाड्यावर यंत्र २०० तास चाललं. गळलेले नमुने शून्य. मुद्दाम तडा दिलेलं बेअरिंग बसवलं तेव्हा ठोका पहिल्याच तुकड्यात दिसला. चांगलं बेअरिंग परत बसवल्यावर एकदाही दिसला नाही.

एक काम वाढलं. कोअर २ मुद्दाम अडकवून पाहिला तर कोअर ० त्याच्या उत्तराची वाट बघत राहिला. काकांनी सांगितली होती तीच चूक, आणि खरंच लगेच दिसली. आता १६० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर तो तुकडा 'अपुरा' म्हणून नोंदवला जातो आणि तो कोअर पुन्हा उठवला जातो.

लाल जागांपैकी २८ ची कारणं सापडून कोडमध्ये लिहून झाली. दोन ठिकाणी गरजच नव्हती, काढल्या. टायमरच्या फाईलमधली एक अजून लाल आहे. सोमवारी धाकट्याबरोबर तिच्यासमोर बसायचं ठरलंय.